पीएचडी नाही, पण घरात मोडीचा रुमाल आहे. स्वतःला संशोधक म्हणू का?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. ताई कराडकडच्या, सहकारी बँकेत नोकरी, वय ४४, शिक्षण बी.कॉम. दहा दिवसांचा मोडीचा वर्ग केला आणि मग सासरी माळ्यावर सापडलेला कुळकर्णी वतनाच्या (गावचे हिशोब लिहिण्याच्या वंशपरंपरागत हक्काच्या) कागदांचा रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला गठ्ठा, सोडून वाचायला घेतला, दोन वर्षांत सत्तरएक कागद वाचून झाले. गावातल्या एका व्याख्यानाच्या पत्रिकेत त्यांच्या नावापुढे 'इतिहास संशोधक' छापलं गेलं आणि कार्यक्रमात एका प्राध्यापकांनी सगळ्यांदेखत विचारलं, "पीएचडी कुठून केलीत?" तर डिग्रीशिवाय माणूस स्कॉलर होऊ शकतो का, आणि स्कॉलर म्हणजे नेमकं कोण, असं त्या विचारतायत. सोबत एका कागदाचा फोटो टाकलाय आणि म्हटलंय की यात दोन भावांच्या वतनाची वाटणी आहे. फोटोकडे शेवटी येतो.

आधी माझं सांगतो म्हणजे कोण बोलतंय ते कळेल. मी टेलिफोन खात्यात होतो, आता रिटायर्ड. मीही बी.कॉम.च. मोडी वाचायला लागून तीस वर्षं झाली, सुरुवातीला रविवारी आणि रजा टाकून, नंतर रोज. कोर्टात लागणारी लिप्यंतरं करून दिलीत, जमिनीची, वतनाची, देवस्थानाची, आणि स्वतःच्या हौसेनं एका घराण्याचे कागद छापलेत. मला कोणी विद्वान म्हटलं की मी मागे वळून बघतो, माझ्या मागे कोणी उभंय का ते.

तुमच्या प्रश्नात मला दोन प्रश्न दिसतात आणि ते एकमेकांत गुंतलेत. एक म्हणजे चारचौघांत पाणउतारा झाला त्याचं काय. दुसरा, मी जे करतेय त्याला काही अर्थ आहे का, की हा नुसता टाईमपास. पहिल्याचं उत्तर सोपं आहे, पत्रिका छापणाऱ्याला पुढच्या वेळी सांगा की नुसतं 'मोडी वाचक' छाप, कोणी बोट दाखवू शकणार नाही. दुसऱ्यासाठी जरा बसावं लागेल.

आपल्याकडे यासाठी एक शब्द नाही, चारपाच आहेत आणि ते उगाच नाहीत. पंडित म्हणजे ज्याला पुष्कळ पाठ आहे. विद्वान हे दुसऱ्यानं म्हणायचं असतं, स्वतः म्हटलं की हसू येतं. अभ्यासक हा सगळ्यात सुरक्षित, कुणालाही लावता येतो, म्हणून टीव्हीवर खाली पट्टीत तोच येतो. संशोधक म्हणजे ज्यानं आधी माहीत नसलेलं काहीतरी पुराव्यासकट पुढे ठेवलं. आणि व्यासंगी. मला विचाराल तर सगळ्यात अवघड हा, कारण त्यात कोणी बघत नसताना वर्षानुवर्षं एकाच गोष्टीच्या मागे लागणं येतं. शिवाय समर्थांनी दासबोधात दुसऱ्या दशकाचा दहावा समास खास पढतमूर्खासाठी ठेवलाय, म्हणजे वाचून शहाणा झालेला आणि तरी मूर्ख असलेला माणूस तेव्हाही इतका सर्रास होता की त्याची लक्षणं वेगळी मोजावी लागली. इंग्रजीतला स्कॉलर या सगळ्यांवर एकच चादर टाकतो, म्हणून गोंधळ होतो. तुम्ही व्यासंगाला लागलेल्या आहात, संशोधनाच्या उंबऱ्यावर आहात, एवढं मला तुमच्या पोस्टवरून दिसतं.

आता डिग्री लागते का, तर हे तुम्हाला पुढे काय करायचंय त्यावर आहे. कॉलेजात शिकवायचं असेल तर नेट-सेट, पीएचडी याला पर्याय नाही, त्यात भावनेला जागा नाही. मोठा प्रोजेक्ट, फेलोशिप हवी असेल तरी डिग्री विचारतातच. पण घरातला रुमाल नीट वाचून, तारखा लावून, टिपा देऊन छापायचा असेल तर कुठलंही विद्यापीठ तुम्हाला अडवत नाही.

आणि या धंद्यात आपल्याकडची जुनी मंडळी बघितली तर निम्मी बाहेरूनच आलेली. मिरजेचे वासुदेवशास्त्री खरे शाळामास्तर होते, पटवर्धनांच्या दप्तरातली पत्रं त्यांनी शाळा सांभाळून 'ऐतिहासिक लेखसंग्रहा'त काढली. रियासतकार सरदेसाई बडोद्याला गायकवाडांच्या नोकरीत होते, १९२५ ला तिथून सुटल्यावर पेशवे दप्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड संपादन केले. पां. वा. काणे मुंबईत हायकोर्टात वकिली करायचे, धर्मशास्त्राच्या इतिहासाचा पहिला खंड १९३० ला आला आणि शेवटचा १९६२ ला, पुढच्या वर्षी भारतरत्न. दुर्गाबाई भागवतांची पीएचडी आजारपणानं राहून गेली ती राहिलीच, पण एशियाटिक सोसायटीच्या लायब्ररीत त्या किती वर्षं जाऊन बसत होत्या ते मुंबईतल्या जुन्या वाचकांना विचारा.

पण ही नावं नुसती फेकून मी मोकळा होणार नाही, कारण अशा यादीनं माणूस उगाच फुगतो. काण्यांना, सरदेसायांना संस्कृत, इंग्रजी यात मुरायला मिळालं होतं, आणि बहुतेकांच्या घरी दोन वेळचं ताट कोण वाढत होतं, पोरांचा अभ्यास कोण घेत होतं, हे त्यांच्या चरित्रात दोन ओळींत उरकलेलं असतं. तुम्ही बँकेतून साडेसहाला येऊन, कुकर लावून मग रुमाल सोडता, हा फरक आहे आणि तो लपवण्यात काही अर्थ नाही. तुमचे सत्तर कागद हे कोणाच्या दोनशेच्या बरोबरीचे असतील.

दुसरं असं की ही सगळी माणसं चुकलीत. इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांचंच बघा. १८९८ ला 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला, मग एकूण २२ खंड, १९१० ला पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं केलं, बोचकं घेऊन गावोगाव हिंडून कोणाच्या माळ्यावर काय आहे ते शोधलं. आणि याच माणसानं शब्दांच्या, गावांच्या नावांच्या अशा व्युत्पत्त्या ठोकून दिल्यात की त्यातल्या बऱ्याच पुढे टिकल्या नाहीत. तरी राजवाडे मोठे का, तर प्रस्तावनेत त्यांनी काहीही म्हटलेलं असो, खाली मूळ पत्र छापलेलं आहे. तुम्हाला त्यांचं म्हणणं पटलं नाही तर त्यांच्याच खंडातली पत्रं घेऊन तुम्ही त्यांच्याशी भांडू शकता. सरदेसायांच्या खंडांतल्याही काही पत्रांच्या तारखा नंतरच्या लोकांनी दुरुस्त केल्या, दुरुस्त करता आल्या कारण पत्र समोर होतं. माझ्या मते स्कॉलर कोण याची खूण इथं आहे, की त्यानं आपल्याला खोटं पाडायची सोय स्वतःच करून ठेवलेली असते.

हे मला कळलं ते फजिती होऊनच. सांगतो.

साधारण बावीस-तेवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. एका ओळखीच्यांच्या घरचे कागद बघत होतो, त्यात एक पत्र होतं, वीतभर लांब, खालचा कोपरा वाळवीनं खाल्लेला. तारीख 'छ १२ साबान', आणि साल नाही. छ म्हणजे चंद्र, मुसलमानी महिन्याची तारीख द्यायची पेशवाईतली पद्धत, तुम्हाला वर्गात सांगितलंच असेल. साल न लिहिणं हाही तेव्हाचा रिवाजच, ज्याला पत्र जायचं त्याला साल माहीत होतं ना, आपल्यासाठी थोडंच लिहिलं होतं. तर मजकुरात एक ओळ, 'मोठा घात जाहला, ईश्वरे बुडविले'. ताई, माझ्या अंगावर काटा आला. मोठा घात म्हणजे पानिपत, दुसरं काय! १७६१ चं पत्र माझ्या हातात, पानिपतची बातमी एका लहानशा गावात कशी पोचली त्याचा पुरावा. पंधरा दिवसांत लेख लिहिला, एका दिवाळी अंकानं छापला, फोटोसकट.

अंक आल्यावर मोठ्या ऐटीत एक प्रत जुन्या कागदांच्या दप्तरात बसणाऱ्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना दिली. त्यांनी चष्मा वर करून फोटोतलंच पत्र वाचलं, माझा लेख नाही, पत्र, आणि पाचव्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "हे काय आहे?" तिथे होतं 'पर्जन्य बरा पडिला, पेरण्या चालीस लागल्या'. मी म्हटलं, हो, शेतीचा उल्लेख आहे. ते म्हणाले, "होळीला दोन दिवस राहिलेत आणि पेरणी कोण करतं हो तुमच्याकडे?"

मला कळायलाच मिनिट लागलं. पानिपत झालं १४ जानेवारी १७६१ ला, पौष शुद्ध अष्टमी. त्या वेळी मुसलमानी महिना जमादिलाखर. पुढे रजब, त्याच्या पुढे साबान. म्हणजे त्या वर्षीचा साबान हा आपला फाल्गुन पडतो, १२ साबान म्हणजे मार्चचा तिसरा आठवडा, होळीच्या तोंडावर. मार्चात आपल्या देशावर कसला पर्जन्य आणि कसली पेरणी. मुसलमानी वर्ष सूर्याच्या वर्षापेक्षा अकराएक दिवसांनी लहान, त्यामुळे त्यांचे महिने ऋतूंमधून मागे मागे सरकत जातात आणि साधारण ३३ वर्षांनी पुन्हा त्याच जागी येतात, हे मला माहीत होतं, मी दुसऱ्यांना शिकवतही होतो. साबानात पेरणी यायची तर साल १७५० ते ५३ च्या दरम्यान पाहिजे नाहीतर १७८३ ते ८६ च्या. पानिपत बरोबर मधे, जिथे ते बसूच शकत नाही. कागदातच उत्तर होतं, पाचव्या ओळीत, मी ती ओळ लिहूनही काढली होती, पण 'मोठा घात' दिसल्यावर मला बाकीचं पत्र दिसायचंच बंद झालं.

नंतर त्याच घरातल्या साल असलेल्या कागदात पत्र लिहिणाऱ्याचं नाव दोनदा सापडलं, दोन्ही कागद १७८० नंतरचे, तेव्हा पत्र १७८३ ते ८६ मधलं असावं असं आता मी म्हणतो. असावं. घात कसला होता? ठाऊक नाही, बहुतेक भाऊबंदकीचं काहीतरी, पण तो कोपराच वाळवीच्या पोटात गेलाय. शुद्धिपत्र दिलं, पण दिवाळी अंकाचं शुद्धिपत्र म्हणजे पुढच्या दिवाळीची वाट बघा, आणि पुढच्या दिवाळीला संपादक म्हणाले आता कोणाला आठवतंय, सोडा. मी सोडलं नाही, दुसरीकडे चार ओळी छापून घेतल्या. अजूनही दर दोनतीन वर्षांनी कोणीतरी तो जुना लेख व्हॉट्सअॅपवर फिरवतं आणि मी खाली लिहितो की यातली तारीख चुकीची आहे, चूक माझीच. लोकांना वाटतं मी विनय दाखवतोय.

आता तुमच्या त्या प्राध्यापकांबद्दल. त्यांनी विचारलं ते आडमुठेपणानं विचारलं, पण पीएचडीत एक गोष्ट असते जी तुमच्या-माझ्याकडे नसते. डोक्यावर गाईड असतो, व्हायवाला बाहेरचा माणूस येतो, आणि त्याचं कामच असतं होळीत पेरणी कोण करतं हे विचारणं. प्रत्यक्षात सगळीकडे तसं होतं असं नाही, अशाही पीएचड्या मी बघितल्यात ज्यात मोडी कागदाचा रेफरन्स आहे आणि माणसाला मोडीतला क काढता येत नाही. पण सोय तरी असते. आपल्यासारख्यांना ती स्वतः शोधावी लागते. मला म्हातारा फुकट मिळाला, तेही छापून झाल्यावर. तुम्ही छापायच्या आधी शोधा. फेसबुकवरचे वाहवा करणारे यात धरू नका, असा एक माणूस पाहिजे जो तुमच्यावर प्रेम करत नाही पण कागदावर करतो.

मोडी येणं आणि कागद वाचता येणं यातही फरक आहे, हे तुम्हाला आता जाणवायला लागलं असेल. अक्षरं दहा दिवसांत येतात, सरावानं वर्षभरात भराभर येतात. पण 'इसन्ने सबैन मया व अलफ' वाचून झालं तरी ते अरबी आकडे आहेत, दोन, सत्तर, शंभर, हजार, म्हणजे शुहूर सन ११७२, आणि ते साल मृगाला सुरू होतं म्हणून आपल्या हिशोबानं १७७१-७२, हे अक्षरओळखीत येत नाही. फसली, राज्याभिषेक शक, शालिवाहन शक, प्रत्येकाची सुरुवात वेगळी. त्यात बलुतं, मिरास, पासोडी, शेतसारा, मापं, नाणी. कागदाची भाषा मराठी असली तरी कागदाच्या बाहेरचं जग माहीत असल्याशिवाय ती बोलत नाही. यालाच दहा-पंधरा वर्षं जातात, आणि ती डिग्री असो नसो, जातातच.

पुण्याचंच एक उदाहरण देतो, कारण मला ते फार आवडतं. भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती झाली ती १९१९ ला हातात घेतली आणि १९६६ ला पुरी झाली. १२५९ हस्तलिखितं जमवली, काश्मीरपासून केरळपर्यंतची, आणि एकेका श्लोकाचा पाठ प्रत्येक पोथीत काय आहे ते अक्षर अक्षर लावून तक्त्यात उतरवलं. एवढ्या वर्षांत किती माणसं त्या तक्त्यांवर बसली असतील, बहुतेकांची नावंही आपल्याला माहीत नाहीत. सुखटणकर मुख्य संपादक होते, त्यांनी केंब्रिजला गणित केलेलं आणि मग बर्लिनला जाऊन संस्कृतात डॉक्टरेट, म्हणजे डिग्रीत काही कमी नव्हतं. आदिपर्व तयार होताना प्रश्न आला गणपतीचा. व्यास सांगतायत आणि गणपती लिहून घेतोय ही गोष्ट आपल्याला लहानपणापासून पाठ, पण पोथ्या लावून बघितल्यावर ती मूळ पाठात बसेना. आता पुण्यात बसून गणपतीला बाहेर काढायचं! त्यांनी काढलं. पण फेकलं नाही, मागे परिशिष्टात छापलं आणि कुठल्या पोथ्यांत आहे ते दिलं. ज्याला वाटतं सुखटणकर चुकले, त्यानं परिशिष्ट उघडावं, पोथ्यांची नावं बघावी आणि आपली बाजू मांडावी.

याच्या उलट 'ध चा मा'. मोडीचा वर्ग घेतला की पहिल्या दिवशी कोणीतरी विचारतंच, सर ते आनंदीबाईंनी धरावेचं मारावे केलं ते कसं दिसतं? मी फळ्यावर ध काढतो, मा काढतो, सगळे खूश. मग सांगतो की तो कागद मी पाहिलेला नाही आणि पाहिलेला माणूसही मला अजून भेटलेला नाही. १७७३ ला नारायणरावांचा खून झाला हे पक्कं, बाकी त्या एका अक्षराबद्दल बोलायचं तर आधी कागद आणा. पोरं नाराज होतात. होऊ देत.

पैशाचंही बोललं पाहिजे, त्याशिवाय हे उत्तर अर्धवट राहील. २०२३ पासून कुणबी नोंदी शोधायचं काम निघालं आणि मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आला. चांगलंच झालं, पोरं शिकायला लागली, काहींचं घर त्यावर चाललं. पण त्यात एक परीक्षा होती. जुन्या कोतवाल बुकात, जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत, जातीच्या रकान्यात कधी पूर्ण शब्द असतो आणि कधी नुसतं 'कु'. समोर बसलेल्या माणसाचं पोराच्या अॅडमिशनचं टेन्शन तुम्हाला दिसत असतं, तो म्हणतो, काका, कु म्हणजे कुणबीच ना, तसं लिहून द्या. मी लिप्यंतरात 'कु' एवढंच लिहितो. त्याच पानावर दुसरीकडे पूर्ण 'कुणबी' आलं असेल तर तेही त्याच्या ओळीसकट लिहून देतो, मग अर्थ काय लावायचा ते अधिकारी ठरवतील. यावरून दोघं तिघं माझ्याकडून उठून दुसरीकडे गेले, एकजण चिडून गेला. त्यांचं चुकलं असंही मला म्हणवत नाही, त्यांची नड होती. पण एकदा मी 'कु'चं 'कुणबी' केलं की उद्या माझ्या बाकीच्या हजार कागदांवर विश्वास कोण ठेवणार, आणि का ठेवावा?

तर तुमच्या रुमालाबद्दल, मी तुमच्या जागी असतो तर काय केलं असतं ते सांगतो. रुमाल सोडलाच आहे, पण कागद ज्या क्रमानं होते तो क्रम आठवत असेल तेवढा आजच लिहून ठेवा, कारण शेजारी शेजारी असलेले कागद पुष्कळदा एकाच भांडणाचे असतात. प्रत्येकाला पेन्सिलीनं पाठीमागे कोपऱ्यात बारीक नंबर. पेननं नाही, स्टिकर तर अजिबात नाही, आणि लॅमिनेशन कराल तर मी कराडला येऊन भांडेन. दोन्ही बाजूंचे फोटो, पाठ कोरी दिसली तरी, कारण शेरे, आवक-जावकीच्या नोंदी, हिशोब तिथेच असतात. लिहून काढताना ओळीला ओळ. जे लागत नाही तिथे तेवढी जागा मोकळी सोडा आणि जे अंदाजानं भरलंय त्याला कंस करा. शुद्धलेखन सुधारू नका, 'जाहला' असेल तर जाहलाच. तारीख जशी आहे तशी एका रकान्यात, तुम्ही लावलेली दुसऱ्या रकान्यात, आणि कशावरून लावली ते तिसऱ्यात. हा तिसरा रकाना बहुतेक लोक ठेवत नाहीत. माझा म्हातारा त्यातच बोट घालायचा.

आणि सत्तर कागद झाले की लेख लिहायची घाई होते, मला झाली होती. त्याआधी नुसती यादी करा, नंबर, तारीख, कोणी कोणाला, विषय एका ओळीत. अशी यादी कोणाला दाखवली तर तो पाच मिनिटांत सांगेल तुमच्याकडे काय आहे. आपल्याकडे माळ्यावरचे कागद एक तर बंबात जातात नाहीतर भंगारवाल्याकडे, त्यात एका घरातल्या दोन वर्षं खपलेल्या बाईनं नीट केलेली यादी ही काही लहान गोष्ट नाही. ती यादी घेऊन पुढच्या वेळी त्या प्राध्यापकांनाच भेटा असं मी सुचवेन. त्यांना जर विषय येत असेल तर ते डिग्रीचं विसरून सहाव्या नंबरच्या कागदाबद्दल विचारायला लागतील. नाही लागले तर तुम्हालाही कळेल काय ते.

आता तुमचा फोटो. फोटो जरा हललाय आणि उजवी कड कापली गेलीय, तरी दुसरी ओळ लागते. तुम्ही वाचलंय 'राघोबा, बाजी कुळकर्णी' आणि त्यावरून दोन भाऊ धरलेत. अक्षरं तुम्ही बरोबर लावलीत. पण मोडीत शब्द तोडलेले नसतात, रेघ आधी मारतात आणि अक्षरं एकसलग लटकवत जातात, तिथे आहे 'राघोबाबाजी'. हे 'राघोबा, बाजी' असं दोघांचं होऊ शकतं, 'राघोबा बाजी' म्हणजे बाजीचा मुलगा राघोबा असं एकाचं होऊ शकतं, आणि 'राघो बाबाजी' म्हणजे बाबाजीचा मुलगा राघो असंही. दोघं असते तर मधे 'व' यायला हवा होता, तो मला दिसत नाही, म्हणून माझा कल एकाच माणसाकडे आहे, पण पक्कं म्हणत नाही, कारण नावापुढचं 'यांणी' हे आदरार्थी एकालाही चालतं आणि दोघांनाही. आठव्या ओळीच्या शेवटी क्रियापद असावं असं वाटतं, नेमकं तेच फोटोत कापलं गेलंय. उजवी कड नीट येईल असा उजेडात एक फोटो काढा, पाठीमागचाही. आणि रुमालात दुसऱ्या कुठल्या कागदात नुसता 'बाबाजी' किंवा नुसता 'बाजी' सापडतो का ते बघून ठेवा. सापडला तर नंबरासकट सांगा.